बोंबील आणि डोल : एका माशाच्या प्रजननविषयक ज्ञानाचा इतिहास

१

वसई तालुक्यातील नंदाखाल हे गाव मासेमारीचे नव्हे. आगाशीच्या शेजारचे हे गाव केळीच्या व भाजीपाल्याच्या वाड्यांचे. १५७३ मध्ये स्थापन झालेले होली स्पिरिट चर्च हे तेथील सामाजिक जीवनाचे केंद्र, आणि सामवेदी ख्रिस्ती समाजाची बोली हे तेथील भाषिक वैशिष्ट्य होय. तथापि या शेतकरी गावाच्या स्वयंपाकघरात समुद्राचा वाटा मोठा आहे. वैतरणा नदीच्या मुखाशी वसलेले अर्नाळा येथून जवळच आहे. तेथील कोळणींच्या टोपल्यांतून ओला बोंबील हिवाळ्यात येतो, आणि सुका बोंबील आगोटीच्या बेगमीत कांदे, मीठ व मिरच्या यांच्या जोडीने मडक्यात किंवा डब्यात जाऊन बसतो. पावसाळ्यातील चार महिने ज्याच्यावर काढावयाचे त्या सुक्या माशाला वाडीवाल्याच्या घरात धान्याइतकीच प्रतिष्ठा असते.

इतका परिचित असा हा मासा कोठे व केव्हा प्रजनन करतो, हा प्रश्न मात्र दीर्घकाळ अर्धवट सुटलेला राहिला. प्रस्तुत लेखाचा हेतू बोंबलाच्या प्रजननाविषयी आपल्याला जे ज्ञान आहे ते कोणत्या मार्गाने आले हे पाहण्याचा आहे. हे ज्ञान जवळजवळ सर्वस्वी एका साधनाच्या द्वारे, म्हणजे डोल जाळ्याच्या द्वारे मिळाले. त्यामुळे त्या जाळ्याच्या मर्यादा त्या ज्ञानाच्याही मर्यादा झाल्या, आणि पुढे त्याच मर्यादा कायद्यात व सार्वजनिक वादांत उतरल्या, असे आमचे प्रतिपादन आहे. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने मत्स्यशास्त्राच्या प्रांतात शिरावे हे धाडसाचे आहे खरे. परंतु या इतिहासाचा एक भाग शब्दांत साठविलेला आहे, आणि तो वाचण्याचे काम प्राणिशास्त्रज्ञावर टाकून मोकळे होणे योग्य नव्हे.

२

प्रथम नावांचा विचार करू. १६७३ मध्ये मुंबई बेटावर आलेला इंग्रज वैद्य जॉन फ्रायर याने माझगाव हे मोठे मासेमारीचे गाव असल्याचे नमूद केले आहे. तेथील विशेष म्हणून त्याने जो एक मासा सांगितला तो बोंबील होय, आणि गरीब लोकांचा निर्वाह त्यावर चालतो असेही तो म्हणतो. त्याने लिहिलेले नाव हे मराठी शब्दाचे इंग्रजी कानाला ऐकू आलेले रूप आहे. १८८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशातही त्या शब्दाची मराठी व्युत्पत्ती दिलेली आहे.

सुक्या बोंबलास इंग्रजीत 'बॉम्बे डक' म्हणतात. टपाल नेणाऱ्या आगगाडीस सुक्या माशाचा वास येई, त्यावरून 'बॉम्बे डाक' व त्यावरून हे नाव आले, अशी एक कथा प्रचलित आहे. कथा मनोरंजक असली तरी ती कालक्रमाच्या कसोटीस उतरत नाही. मुंबई ते ठाणे ही पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. हे नाव मात्र त्याच्या कितीतरी आधीच्या इंग्रजी लिखाणात आढळते.

शास्त्रीय नावाची गोष्ट निराळी आहे. फ्रान्सिस हॅमिल्टन (पूर्वाश्रमीचा बुकानन) याने १८२२ मध्ये गंगेतील माशांवरील आपल्या ग्रंथात या माशाचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. जातीसाठी त्याने योजलेले 'नेहेरिअस' हे नाव बंगालमधील स्थानिक नावावरून लॅटिन वळणाने घडविलेले आहे. पुढे १८२५ मध्ये लेस्यूर याने 'हार्पेडॉन' हे गणाचे नाव दिले. त्याचा अर्थ आकड्यासारखे दात असलेला असा होतो. या दातांचा उपयोग लेस्यूरच्या कितीतरी आधीपासून कोळी स्त्रियांस ठाऊक होता. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी बांबूच्या वलांडीवरील दोरीवर टाकली, की कोणतीही गाठ न मारता मासा वाऱ्यावर वाळतो. ज्या लक्षणावरून पंडिताने गण ठरविला त्याच लक्षणावर येथील सुकविण्याचा धंदा उभा आहे.

या नामावलीत परिस्थितिविज्ञानातील एक वस्तुस्थितीही दडलेली आहे. बाजारातील नाव मराठी, शास्त्रातील नाव बंगाली, असे का व्हावे? बोंबील भारताच्या किनाऱ्यावर सलग आढळत नाही. पश्चिमेस तो रत्नागिरीच्या उत्तरेस वाढत जातो आणि मुंबई, वसई, सातपाटी, डहाणू व पुढे सौराष्ट्राचा किनारा येथे विपुल होतो. पूर्वेस तो बंगालच्या उपसागराच्या उत्तर भागात मिळतो. मधल्या दीर्घ किनाऱ्यावर तो विरळ किंवा दुर्मिळ आहे. दोन्ही प्रदेशांत मोठ्या भरती-ओहोटी, नद्यांचे गढूळ पाणी आणि चिखलाचा तळ ही लक्षणे समान आहेत. सुंदरलाल होरा यांनी १९३४ मध्ये मुंबईच्या नैसर्गिक इतिहास संस्थेच्या नियतकालिकात या माशावर लेख लिहिला. एका माशाची दोन नावे दोन दूरच्या नदीमुखांवरून यावीत, यात त्या माशाच्या वास्तव्याचा नकाशाच उमटला आहे असे म्हणता येईल.

३

आता साधनाकडे वळू. डोल हे पिशवीच्या आकाराचे, मुखाशी विस्तीर्ण आणि शेपटाकडे निमुळते होत जाणारे जाळे होय. समुद्रतळात रोवलेल्या खांबांच्या आधाराने त्याचे तोंड प्रवाहाच्या दिशेस उघडे ठेवतात. पाण्याबरोबर जे येईल ते आत जाते आणि शेवटच्या खोल्यात साठते. त्या खोल्याचे आस फार बारीक असतात. भरतीचा जोर ओसरला की जाळे उचलून रिकामे करतात. अमावास्या व पौर्णिमा यांच्या सुमारास उधाण असते, म्हणून तेव्हा डोलीस जोर. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा प्रवाह मंद होऊन जाळे ढिले पडते व काम थंडावते. 'डोलकर' हा शब्द नगरवासी वाचकास डोलणे या क्रियापदावरून आला असावा असे वाटते. वस्तुतः तो 'डोल' या जाळ्याच्या नावास '-कर' हा प्रत्यय लागून झालेला आहे. डोलकर म्हणजे डोल लावणारा.

हे जाळे माशाचा पाठलाग करीत नाही. ते एका जागी उभे राहते, व प्रवाहाबरोबर वाहत येणाऱ्या जीवांस अडविते. जे प्रवाहास तोंड देऊ शकत नाहीत किंवा देत नाहीत असे जीव त्यात प्रामुख्याने सापडतात. जवळा, लहान कोलंबी, मांदेली आणि मऊ अंगाचा बोंबील ही डोलीची मुख्य मिळकत होय. बोंबील हा मांसाहारी मासा आहे. जवळा व लहान कोलंबी हे त्याचे आवडते अन्न असून प्रसंगी तो स्वजातीची पिलेही खातो. म्हणजे खाणारा, खाल्ला जाणारा आणि दोघांची पिले असा एक संपूर्ण समुदाय एकाच खोल्यात गोळा होतो. अभ्यासकाच्या दृष्टीने ही पर्वणी होती. परंतु प्रवाहाच्या पट्ट्याबाहेर, खांब जेथे रोवता येत नाहीत अशा खोल पाण्यात, माशाचे जे जीवन चालते ते या पर्वणीत येत नव्हते.

डोलीची माहिती लिखित स्वरूपात बरीच जुनी आहे. १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये या किनाऱ्यावरील मासे व मासेमारी यांस स्वतंत्र स्थान दिलेले आहे. १९३२ मध्ये सॉर्ले यांचा मुंबई इलाख्यातील सागरी मासेमारीवरील अहवाल प्रसिद्ध झाला. मत्स्यव्यवसाय खात्याचे प्रमुख सेटना यांनी १९४९ मध्ये मुंबईच्या कोळ्यांच्या कल्पकतेवर लेख लिहिला. या लिखाणांचा रोख प्रामुख्याने उत्पन्न, साधने व व्यापार यांवर होता. मासा किती मिळतो, कसा मिळतो व कोठे विकला जातो हे राज्यकर्त्यांस हवे होते. तो कसा जन्मतो हा प्रश्न विचारण्यास विद्यापीठीय प्राणिशास्त्राची वाट पाहावी लागली.

४

तो प्रश्न १९४० नंतर विचारला गेला. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधील डी. व्ही. बाळ व एल. बी. प्रधान यांनी १९४४-४५ पासून मुंबईच्या पाण्यातील माशांची अंडी व पिले यांचा शोध हाती घेतला. १९४७ मध्ये केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेची स्थापना झाली. १९५१ मध्ये मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय उघडले आणि त्याच्या जोडीने सागरी जीवशास्त्राच्या संशोधनासही जागा मिळाली. त्याच वर्षी एस. व्ही. बापट, एस. के. बॅनर्जी व डी. व्ही. बाळ यांनी बोंबलाच्या जीवशास्त्रावरील आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. १९७० मध्ये केंद्रीय संस्थेने बापट यांचा बोंबलावरील प्रबंध आपल्या २१ व्या बुलेटिनच्या रूपाने छापला. या विषयाचा पाया म्हणून आजही त्याच लिखाणाकडे जावे लागते.

अभ्यासाची रीत साधारणतः अशी होती. बंदरावर उतरलेल्या मालातून ठरावीक दिवशी नमुना घ्यावयाचा. प्रत्येक माशाची लांबी मोजावयाची. पोट उघडून नर की मादी हे पाहावयाचे. अंडाशय किंवा वृषण कोणत्या अवस्थेत आहे हे आंतरराष्ट्रीय पद्धतीच्या सात अवस्थांच्या मापाने ठरवावयाचे. आणि महिन्यांच्या क्रमाने त्यांची कोष्टके मांडावयाची. पिकलेल्या माद्या ज्या महिन्यांत वाढतील आणि रिकाम्या झालेल्या ज्यांच्यामागून दिसू लागतील, तो अंडी घालण्याचा हंगाम. पिले ज्या महिन्यांत मिळतील त्यांवरून मागे मोजून हा हंगाम पडताळून पाहावयाचा.

बोंबलाच्या बाबतीत ही रीत एका अडचणीपाशी थांबली. डोलीत अपक्व व अर्धपक्व मासे भरपूर मिळत, परंतु पूर्ण पिकलेल्या व नुकत्याच रिकाम्या झालेल्या माद्या क्वचित मिळत. दुसरीकडे पिले मात्र वर्षाच्या बहुतेक महिन्यांत जाळ्यात दिसत. यावरून दोन अनुमाने निघाली. एक, बोंबलाचा प्रजननकाल एखाद्या लहान हंगामापुरता मर्यादित नसून दीर्घ आहे. दोन, अंडी घालण्यासाठी तो डोलीच्या पट्ट्यातून दूर जात असला पाहिजे. वर्षाचा बराचसा काळ हा मासा खोल पाण्यातील चिखलवट तळावर राहतो व पावसाळ्याच्या सुमारास अन्नासाठी नदीमुखांजवळ थव्यांनी गोळा होतो, हे निरीक्षण दुसऱ्या अनुमानाशी जुळते. मासा सुमारे वीतभर लांबीचा झाला म्हणजे प्रथम पक्व होतो. पावसाळ्यानंतरच्या मुख्य हंगामात त्याहून लहान असे पुष्कळ बोंबील डोलीत येतात.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. पहिले अनुमान प्रत्यक्ष पुराव्यावर, म्हणजे पिलांच्या उपस्थितीवर उभे आहे. दुसरे मात्र अनुपस्थितीवरून काढलेले आहे. पिकलेली मादी जाळ्यात नाही, म्हणून ती अन्यत्र आहे, हा तर्क सयुक्तिक आहे. परंतु ते 'अन्यत्र' म्हणजे नेमके कोठे, हे डोलीचे जाळे सांगू शकत नाही. ज्या अभ्यासकांनी ही निरीक्षणे केली त्यांनी आपल्या साधनाची ही मर्यादा ओळखली होती. पुढील काळात त्यांचे निष्कर्ष उद्धृत करणाऱ्यांनी ती मर्यादा नेहमीच सोबत नेली नाही.

शब्दांच्या बाजूनेही अशीच स्थिती दिसते. मराठीत केळीच्या खोडातील आतला कोवळा भाग गाभा, व्याणार असलेली गाय गाभण आणि माशाचे अंड्यांनी भरलेले अंडाशय गाभोळी. तिन्हींच्या मुळाशी संस्कृत 'गर्भ' आहे. नंदाखालच्या वाडीत, गोठ्यात आणि चुलीपाशी ही एकच धातुसंपत्ती वावरते. परंतु गाभोळी हा शब्द पाकगृहाचा आहे. मासा चिरल्यावर ताटात काय पडते त्याचे ते नाव आहे. डोलकराच्या शब्दसंग्रहाचा भर पाणी, प्रवाह, तिथी व वारा यांवर आहे, कारण त्याचे जाळे त्यांवर चालते. प्रयोगशाळेच्या सात अवस्था आणि कोळीवाड्याची उधाण-भांगाची परिभाषा या दोन ज्ञानपद्धती एकाच बंदरावर, एकाच टोपलीभोवती उभ्या होत्या. त्यांची एकमेकींशी नीट गाठ पडली नाही.

५

या अपूर्णतेचा परिणाम पुढे नियमनाच्या क्षेत्रात दिसून आला. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवणे आणि नारळी पौर्णिमेस समुद्रास नारळ अर्पण करून पुन्हा दर्यात उतरणे, ही या किनाऱ्यावरील जुनी रीत होय. तिच्या मुळाशी मुख्यतः हवामान होते. शिडाच्या होडीस नैऋत्य मान्सूनचा समुद्र झेपत नसे, आणि खांबही त्या काळात टिकत नसत. माशाला मिळणारी विश्रांती हा त्या रीतीचा अनायासे होणारा लाभ होता.

१९५० नंतर होड्यांना यंत्रे बसू लागली, सुती व सणाच्या जाळ्यांची जागा नायलॉनने घेतली, आणि पुढे यांत्रिक ट्रॉलर आले. समुद्राने घातलेली बंदी यंत्राला बंधनकारक राहिली नाही, म्हणून ती कायद्याने घालावी लागली. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ चा आहे. २०२१ मध्ये त्यात महत्त्वाच्या सुधारणा झाल्या. पावसाळी बंदीचा काळ पूर्वी १० जूनपासून नारळी पौर्णिमा किंवा १५ ऑगस्ट यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत असे. २०१५ पासून पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असा ६१ दिवसांचा काळ लागू झाला. या बदलात परंपरेचा सणाशी असलेला धागा तुटला. बंदीचे समर्थन मात्र आता हवामानापेक्षा प्रजननाच्या भाषेत होऊ लागले. हा माशांचा अंडी घालण्याचा काळ आहे, असे प्रत्येक जाहीर सूचनेत सांगितले जाते.

अनेक जातींच्या बाबतीत हे विधान बरेचसे खरे असेल. बोंबलाचा प्रजननकाल दीर्घ आहे हे मान्य केले, तर मात्र ६१ दिवसांची बंदी त्या काळाचा एक भागच झाकते असे मानावे लागते. बंदी उठल्यानंतर लगेचच लहान बोंबलांचा हंगाम सुरू होतो, आणि बारीक आसाच्या खोल्यात ते सापडतात. २०२३ मध्ये शासनाने ५४ जातींच्या माशांसाठी किमान कायदेशीर आकार ठरविले. अपक्व मासा पकडू नये, हे या उपायामागील तत्त्व निर्विवाद आहे. परंतु डोल हे निवड न करणारे जाळे आहे. त्याच्या खोल्यातून मासा बाहेर काढला जातो तेव्हा मऊ अंगाचा बोंबील बहुधा मेलेला असतो. तो लहान आहे म्हणून समुद्रात परत टाकल्याने त्याचे वंशवर्धन होत नाही. अशा जाळ्याच्या बाबतीत खरा उपाय आसाच्या आकारात, खांबांच्या जागेत आणि जाळी लावण्याच्या तिथींत शोधावा लागेल. या तिन्ही गोष्टींचे बारीक ज्ञान डोलकराजवळ आहे.

खांबांच्या जागेचा प्रश्न तर केवळ जीवशास्त्राचा नाही. वसई, अर्नाळा व उत्तन येथील डोलकर आणि उत्तरेकडील सातपाटी-डहाणू भागातील मच्छीमार यांच्यात 'कवी' मारण्याच्या हद्दींवरून अनेक वर्षे वाद चालत आले आहेत. समुद्रात रोवलेल्या खांबांची ओळ हीच तेथील मालकीची खूण होते. मासा ज्या दिशेने येतो त्या दिशेस ज्याची ओळ पुढे, त्याला मासा आधी. म्हणून माशाच्या येण्याजाण्याचे ज्ञान हे येथे उपजीविकेचे ज्ञान आहे.

६

अलीकडे या प्रश्नास आणखी गंभीर स्वरूप आले. डहाणूजवळील वाढवण येथील मोठ्या बंदरास २०२४ च्या जून महिन्यात केंद्रीय मंत्रिमंडळाची मान्यता मिळाली, आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली. हा पट्टा माशांच्या प्रजननाचा आहे, तेथे भराव पडल्यास मासेमारी बुडेल, असे मच्छीमारांच्या संघटनांचे म्हणणे आहे. त्या म्हणण्यामागे पिढ्यांचा अनुभव आहे. परंतु अनुभव पुराव्याच्या रूपात मांडण्याची वेळ येते तेव्हा पहिला प्रश्न असा येतो : अंडी नेमकी कोठे, किती खोलीवर, कोणत्या महिन्यांत? डोलीच्या नमुन्यांवर उभ्या राहिलेल्या शास्त्राने या प्रश्नाचे उत्तर 'पट्ट्याच्या बाहेर कोठेतरी' एवढेच दिले असेल, तर ते उत्तर मच्छीमारास पुरत नाही आणि बंदर बांधणारासही पुरत नाही. ज्ञानातील जी मर्यादा १९५१ मध्ये प्रामाणिकपणे नोंदवली गेली, तिची किंमत आज किनाऱ्यावरील माणसास मोजावी लागत आहे.

म्हणून पुढील संशोधनाविषयी दोन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली प्राणिशास्त्राच्या विभागांसाठी. बंदरावरील नमुन्याबरोबर जाळ्याची जागा, खोली, तिथी व प्रवाहाची दिशा यांची नोंद अनिवार्य करावी, आणि खांबांच्या पट्ट्याबाहेरील पाण्यातून वर्षभर नमुने घ्यावेत. दुसरी आमच्या विभागासाठी. अर्नाळा, पाचूबंदर, सातपाटी या कोळीवाड्यांत बोंबलाच्या आकारांची, अवस्थांची, आगमनाच्या काळांची आणि समुद्रतळाच्या जागांची जी नावे वापरात आहेत, त्यांचा संग्रह बोली-सर्वेक्षणाच्या पद्धतीने करावा, व प्रत्येक शब्दासमोर त्या वस्तूचे माप लिहून घ्यावे. असा कोश झाल्यास शब्दांची यादी व समुद्राचा नकाशा एकमेकांवर ठेवून पाहता येतील. आमच्या पदव्युत्तर वर्गांत वसई-विरारच्या गावांतून येणारे विद्यार्थी आहेत, आणि त्यांना हे काम घरापासून फार लांब न जाता करता येण्यासारखे आहे.

नंदाखालच्या घरात आगोटीला सुका बोंबील भरला जातो.  त्या माशाच्या जन्माची हकीकत जाळ्याच्या पलीकडील पाण्यात आहे, आणि तिची पहिली खूण डोलकराच्या बोलण्यात सापडण्याचा संभव आहे. ते बोलणे पुढील पिढीच्या तोंडी न राहिल्यास त्या पाण्याकडे नेणारी एक वाट बुजेल. म्हणून हा संग्रह लवकर हाती घ्यावा, अशी अभ्यासकांस विनंती आहे.